भामाबाईनं मोजलेले लंगोट

आमच्या दूध संस्थेत भामाबाईचं काम कॅन धुण्याचं. २०१९ च्या उन्हाळ्यात गावात याहून अवघड काम दुसरं नव्हतं, कारण कॅन बावीस आणि पाणी तीन बादल्या. पहिल्या बादलीत सोडा, दुसरीत विसळणं, तिसरीत शेवटचा हात. तिसरीतलं पाणी फेकायचं नाही, ती दुसऱ्या दिवशीची पहिली बादली. एवढ्यावर तिचे कॅन असे निघत, की आत डोकं घातलं तरी आंबूस वास यायचा नाही. मी तेव्हा डेअरीचा डिप्लोमा करून संस्थेत टेस्टर म्हणून नुकताच लागलो होतो. पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, की एका कॅनला किमान आठ लिटर पाणी लागतं, असं पुस्तकात आहे. ती म्हणाली, "मग पुस्तकात धुवून आन."

त्या दिवसापासून तिनं माझं नाव डिप्लोमा ठेवलं.

भामाबाई पन्नाशीची, काटक, गुडघ्यांनी अधू. वय विचारलं की सांगायची, "बावीस पट्टे पडले." कारखान्याचा हंगाम संपला की ऊसतोडीच्या टोळ्या म्हणतात, पट्टा पडला. म्हणजे बावीस हंगाम ती कोयता घेऊन परमुलखात राहिलेली. पाच बाळंतपणं झाली, त्यातली तीन उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत. पाचांतली चार लेकरं जगली. गुडघे गेले तेव्हा चेअरमन आबासाहेबांनी तिला कॅन धुवायला ठेवलं, आणि हा उपकार ते दर वार्षिक सभेत, अहवाल वाचून झाल्यावर आणि अल्पोपाहाराच्या आधी, न चुकता सांगत.

आबासाहेब तिसऱ्यांदा बिनविरोध. एकदा चार दिवस गुजरातला अभ्यासदौऱ्यावर गेले होते. तिथून आल्यापासून दूध या विषयावर गावात दुसऱ्या कुणाला मत उरलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत बासुंदी वाढली, तर पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "साडेपाच फॅट." वाढपी घाबरून पुन्हा वाढायचा.

भामाबाई बौद्ध वस्तीतली. संस्थेच्या कॅनला तिचा हात लागलेला चालायचा, कारण ते दूध पुढं शहरात जायचं. आबासाहेबांच्या घरात मात्र तिला रस्ता परसातून, आणि तोही पायरीपर्यंत. घरचा कॅन न्यायला-आणायला ती रोज तेवढी जायची, पायरीशी उभी राहायची, परत यायची.

त्या उन्हाळ्यात आबासाहेबांना नातू झाला.

सून सरस्वती. पहिलटकरीण. रीतीप्रमाणं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिचं माहेर धारूरच्या घाटावर, तिथं टँकर आठ दिवसांनी यायचा. आबासाहेबांच्या मंडळी रतनबाई, त्यांनी जाहीर केलं, "आमच्याकडं पानी हाय. बाळंतपन हितंच." पाणी होतं हे खरं. टँकर आधी चेअरमनच्या दारात थांबायचा हेही खरं. त्यातलं सरस्वतीच्या वाट्याला किती आलं, ते पुढं कळेल. नवरा पंडित पुण्याला कंपनीत. तो आला, पेढे वाटले, मोबाइलवर चाळीस फोटो काढले आणि परत गेला.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी रतनबाई सुनेचा चीक काढून मोरीत ओतायला निघाल्या होत्या. जड असतो, लेकराला बाधतो, म्हणून. नर्सनं झापलं म्हणून राहिलं. त्याच आठवड्यात आबासाहेबांची म्हैस व्यायली. तिच्या चिकाचा खरवस वेलची घालून सरपंचाकडं गेला, ग्रामसेवकाकडं गेला, संस्थेतही आला. भामाबाईला कागदावर दिला. तिनं तो खाल्ला, बोट चाटलं आणि म्हणाली, "म्हशीचा चीक सरपंचाला, अन् सुनेचा मोरीला. बरं झालं बाई, नर्सला कळलं कोन म्हैस हाय अन् कोन मानूस."

बाळ जन्मलं तेव्हा दोन किलो नऊशे. सातव्या दिवशी गावची आशा कार्यकर्ती सलिमा घरी आली. तिच्याकडं झोळीचा काटा असतो. आकड्याला काटा, काट्याला झोळी, झोळीत बाळ. वजन भरलं दोन किलो सातशे साठ. सलिमानं सांगितलं, की पहिल्या दिवसांत बाळ थोडं उतरतंच, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीला जन्माच्या वजनावर येतं, काळजी नको. रतनबाईंच्या कानात एकच शब्द शिरला, घटलं. आणि डोळ्यांत एकच चित्र राहिलं, आकड्याला लटकलेला नातू.

"माझा नातू काय मटन हाय व्हय गं, काट्याला लटकवाया?"

सलिमाच्या बापाचं पंक्चरचं दुकान. मटणाशी त्या घराचा संबंध आला तर सणासुदीला, खाण्यापुरता. तिनं काटा उतरवला. वही बंद केली आणि गेली. त्यानंतर तिला दारातूनच सांगण्यात यायला लागलं, की बाळ झोपलंय.

पुढच्या आठवड्यात रतनबाईंनी निदान केलं, की सुनेचं दूध आटलं. पुरावे तीन. बाळ तासाभरात पुन्हा प्यायला मागतं. संध्याकाळी रडतं. आणि पहिल्या आठवड्यात सुनेची छाती दगडासारखी गच्च होती, ती आता मऊ पडली. तिसरा पुरावा बिनतोड होता, कारण ते वर्षच तसं होतं. गावात जे जे भरलेलं होतं ते आटत होतं. विहीर आटली, तीनशे फुटांचं बोअर आटलं, संस्थेच्या चारा छावणीतल्या गाई आटल्या. सून तेवढी कशी राहील?

आबासाहेबांचा मात्र पुराव्यावर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास मशीनवर होता.

तेराव्या दिवशी दुपारी ते केंद्रावर आले. दुपारी आमच्याकडं कुणी नसतं. मी वही लिहीत होतो, भामाबाई ओट्यावर कॅन घासत होती. आबासाहेबांनी खिशातून नमुन्याची बाटली काढली. अर्धीसुद्धा भरलेली नव्हती.

"टेस्टर, एवढं लाव बरं मशीनला."

"गाय की म्हैस?" मी विचारलं. मशीनला दोनच बटणं आहेत.

आबासाहेबांनी थोडा विचार केला. "गाय लाव."

"सभासद नंबर?"

"माझाच टाक. एक."

मी बटण दाबलं. मशीन घरघरलं, स्लिप आली. फॅट दोन पूर्णांक एक. एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा ऐवज, सात पूर्णांक तीन. पाणी चौदा टक्के. मला नोकरी लागून तीन महिने झालेले आणि प्रामाणिकपणाचा उत्साह भारी. मी म्हणालो, "आबासाहेब, हे तर रिजेक्ट होतंय. साडेतीन फॅट पाहिजे. गाय आजारी आहे का? नाहीतर गडी पाणी घालत असणार."

"गाय न्हाई ती," आबासाहेब म्हणाले.

"मग?"

"सून हाय."

ओट्यावर कॅन आपटल्याचा आवाज झाला. भामाबाई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून हसत होती. हसणं आवरलं तेव्हा म्हणाली, "आबासाहेब, सभासद नंबर एकच्या दुधात चौदा टक्के पानी! आता संचालक मंडळ बोलवा. नोटीस काढा सुनबाईला."

"तू कॅन धू गं भामे."

"धुतेच की. पर एक इचारते. तीन दिस झाले टँकर न्हाई आला. तिनं एवढं पानी आनलं कुठनं?"

आबासाहेब लाल झाले. मी मध्ये पडलो. सांगितलं, की मशीन गाई-म्हशीच्या दुधासाठी जुळवलेलं आहे, माणसाच्या दुधाला हे आकडे लागू होत नाहीत, शिवाय पाजताना सुरुवातीचं दूध पातळच असतं, मलई शेवटी येते, तुम्ही वाटीत घेतलेलं सुरुवातीचं असणार. हे सगळं खरं होतं. फक्त ते बटण दाबायच्या आधी बोलायला हवं होतं.

"ह्या मशीनवर पाच गावांचं दूध घेतो आपन," आबासाहेब म्हणाले. "समद्यांचं बरोबर मोजतंय, अन् माझ्याच सुनेचं चुकतंय व्हय?" स्लिप घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी तेलगावहून पावडरचा डबा आला. डब्यावर गोरंपान, गुबगुबीत बाळ होतं, दुष्काळ न पाहिलेलं. सोबत बाटली आणि दोन बुचं. रतनबाईंनी डबा देवळीत ठेवला. लगेच फोडायचा नव्हता. एक दिवसावर अमावास्या होती, आणि अमावास्येच्या आधी लेकराच्या तोंडी नवं काही लावायचं नाही. अमावास्या उलटली की सकाळी डबा फोडायचा, असं ठरलं.

आता टँकरचं पाणी कसं होतं, ते सांगायला हवं. कुठल्याशा तलावाच्या तळातून यायचं. घागर भरून ठेवली की तासाभरात बोटभर गाळ बसायचा. त्या आठवड्यात छावणीत राहिलेल्या कुटुंबांतली चार लेकरं हगवणीनं सलाइनवर होती. पावडर त्याच पाण्यात कालवली जाणार होती. उकळून द्यायचं, असं डब्यावर लिहिलं होतं. पण इंग्रजीत, आणि मुंगीएवढ्या अक्षरांत.

डबा आल्याचं मी भामाबाईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. कॅनमध्ये हात तसाच ठेवून बसली. मग म्हणाली, "माझी पयली पोरगी झाली ती किस्नाकाठच्या कारखान्यावर. मी सतरा वर्सांची. पंधरा दिसांनी माझी बी छाती अशीच मऊ पडली. मुकादमाची बायको म्हनली, आटलं. सासू म्हनली, आटलं. मी बी म्हनले, आसंल. शेळीच्या दुधात कॅनॉलचं पानी घालून बाटलीनं पाजलं. चौथ्या दिशी जुलाब लागले. सहाव्या दिशी पुरली." तिनं कॅनमधला हात काढला. "दूध होतं रं डिप्लोमा. पुरून आल्यावर चार दिस गळत होतं. चोळी भिजायची."

मग तिनं कॅन उलटा केला आणि पुढचा घेतला.

दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, भामाबाई सकाळी घरचा कॅन आणायला आबासाहेबांच्या परसात गेली, ती दिवस कलेपर्यंत तिथंच होती. एक कॅन घासायला तिला आयुष्यात एवढा वेळ कधी लागला नव्हता. लिंबाखाली बसली, राख घेतली आणि घासत राहिली. समोर लंगोटांची दोरी होती.

त्या दोरीची पण गंमत होती. पाणी वाचवायचं म्हणून रतनबाईंनी नियम काढला होता, की पिवळे झालेले लंगोट तेवढे धुवायचे. नुसते ओले झालेले तसेच उन्हात टाकायचे आणि वाळले की परत वापरायचे. सगळं परस वासानं दरवळत होतं. रतनबाई दिवसातून दहा वेळा खोलीतून ओला लंगोट आणून दोरीवर टाकायच्या, नाकाला पदर लावायच्या, आणि आत जाऊन म्हणायच्या, पोराच्या पोटात थेंब जात न्हाई.

भामाबाई प्रत्येक लंगोटाला कॅनच्या झाकणावर कोळशानं एक रेघ ओढत होती.

"भामे, किती घासतीस? भोक पडंल कॅनला."

"आमुशा हाय वैनी. चमकाया पायजे."

दुपारी रतनबाई आडव्या झाल्या, तशी भामाबाई बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीखाली जाऊन बसली. हे सगळं बोलणं तिनं मला नंतर सांगितलं, दोघींचे आवाज काढून.

"सरस्वती, जागी हाइस का?"

"हाय मावशी."

"पीतंय का?"

"आत्ताच घेतलंय. पन तासातासाला मागतंय."

"मागू दे. त्याचं पोट केवढं, लिंबाएवढं. दिवसरातीत किती डाव?"

"धा-बारा डाव तर हुतंय."

"मग बरुबर. पिऊन झालं की सोडतंय का तुला वडून काढावं लागतंय?"

"आपलं आपन सोडतंय. आधी मुठी आवळलेल्या असत्यात, मग हात असा ढिला पडतो. टाकून दिल्यागत."

"तुला दुखतंय?"

"पयले आठ दिस लई दुखलं. आता न्हाई."

"आता बोलू नगंस. आइकू दे."

भामाबाईनं भिंतीला कान लावला. तो आवाज ती पुढं कितीदा तरी मला करून दाखवायची. आधी भराभर चुटुचुटु. मग संथ, आणि प्रत्येक ओढीमागं गळ्यातून एक बारीक 'क्...', गिळल्याचा. नुसतं तोंडात धरून बसलेलं लेकरू असा आवाज काढत नाही, असं तिचं म्हणणं. भिंत दीड फुटाची मातीची. पण तिला ऐकू आला, आणि मला ते खोटं वाटत नाही. नळाला पाणी आल्याचा आवाज आमच्याकडं बायका तीन घरं सोडून ऐकतात.

"दूध आटलं म्हनत्यात सासूबाई," आतून आवाज आला. "आधी गच्च असायचं. आता मऊ लागतंय."

"टँकरचं पानी असलं की आपन समदी भांडी भरून ठेवतो. अन् नळ चालू असल्यावर?"

"न्हाई ठेवत."

"तसंच. पयल्या हप्त्यात अंगाला अंदाज नसतो, समदं भरून ठेवतंय. आता त्याला पोराची भूक कळली. तू पानी पितीस का गं?"

"सासूबाई म्हनत्यात, बाळंतिनीनं पानी पिलं की पोट सुटतं. दोन वाट्या देत्यात."

"पोट न्हाई सुटत. टँकर पुरतो." मग भामाबाईनं तिला विचारलं, "परवा वाटीत दूध काढून कशापायी दिलंस?"

"डॉक्टरला दाखवायचं म्हनले."

"डॉक्टर न्हाई. डेरीच्या मशीनवर लावलं. गाईचं बटन दाबून."

त्यानंतर आतून एवढंच ऐकू आलं, की बाळ पीत होतं.

दिवस कलला तेव्हा झाकणावर अकरा रेघा होत्या. आठ ओल्यांच्या, तीन पिवळ्यांच्या. भामाबाई झाकण तसंच घेऊन संध्याकाळच्या संकलनाला केंद्रावर आली. रांगेत पंधरा-वीस सभासद, आबासाहेब खुर्चीवर. तिनं झाकण त्यांच्यापुढं टेबलावर ठेवलं.

"आबासाहेब, सहा लंगोट ओले झाले की लेकराचं पोट भरतंय. तुमच्या नातवाचे आठ झाले, त्ये बी दिस मावळायच्या आत. खालून भाईर येतंय म्हनजे वरून आत जातंय."

रांगेत कुणीतरी खिदळलं. आबासाहेब म्हणाले, "आता लंगोटावर संस्था चालवू का?"

"मग तुमच्या रीतीनं चालवा. फॅट लावलं, पानी काढलं, पर दूध पोटात गेलेलं लेकरू काट्यावर घेतलंच न्हाई. काट्यावर न घेता कोनाचं दूध रिजेक्ट केलंय संस्थेनं आजवर?"

नियमाचा प्रश्न होता आणि रांगेसमोर होता. आबासाहेब माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "काटा बॅटरीवर चालतो. उचलून नेता येईल." खरं तर मलाही त्या स्लिपनं दोन दिवस झोप नव्हती.

"नेऊ," आबासाहेब म्हणाले. "सकाळी नेऊ. जन्माच्या वजनाहून कमी भरलं तर तिथंच डबा फोडू. पन भामे, कमी भरलं तर छावनीतली तुझी गाय मी परवा बाहेर बांधीन. लोकांच्या घरातल्या लंगोटात नाक खुपसतीस."

"बांधा," भामाबाई म्हणाली. छावणीबाहेर गवताची काडी नव्हती.

सकाळी मी काटा डोक्यावर घेऊन गेलो, बॅटरी भामाबाईनं घेतली. लटकवायचा काटा मटणाचा होता. दुधाचा काटा मात्र रतनबाईंना चालला, कारण दूध म्हणजे लक्ष्मी. त्यांनी काट्याला हळदकुंकू लावलं. आकडे दिसायच्या जागी सुद्धा लावलं, ते मला पुसावं लागलं. ओट्यावर काटा मांडला, त्यावर परात, परातीत दुपटं, आणि मी सगळं शून्यावर आणलं. देवळीतला डबा काढून शेजारी ठेवला होता. चुलीवर पाणी तापायला टाकलं होतं. कोमट करायचं, उकळायचं नव्हतं.

भामाबाई पायरीशी उभी. रतनबाई नातवाला आणायला आत वळल्या, तेवढ्यात सरस्वतीच बाळ घेऊन उंबऱ्यात आली. सोळा दिवसांची बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं, ओठ वाळलेले. ती सासूकडं गेली नाही. माझ्यापुढून, आबासाहेबांच्या पुढून सरळ पायरीपर्यंत आली आणि बाळ पुढं केलं.

"मावशी, तुमी ठेवा."

"अगं सरस्वते," रतनबाई म्हणाल्या, "सव्वा म्हैना झाला न्हाई, अन् तिच्या हातात..." पुढचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून गिळलं.

"माझं दूध त्यांनी तपासलं न्हाई," सरस्वती म्हणाली. "म्हनून त्यांच्या हातात."

भामाबाई पायरी चढली. त्या घरात पहिल्यांदा. बाळाला दोन्ही हातांत घेतलं, एकदा तोंडाकडं बघितलं आणि परातीत ठेवलं. बाळानं पाय झाडले. आकडे नाचायला लागले.

"स्थिर होऊ दे," आबासाहेब म्हणाले. ते चष्मा लावून वाकले होते.

बाळ स्थिर झालं आणि मुतलं. धार आबासाहेबांच्या चष्म्याखालून गेली आणि परतीला दुपट्यावर पडली.

"आता तेवढं वजन वजा करावं लागंल," दूधतज्ज्ञ आबासाहेब म्हणाले.

"कशाला? परातीतच हाय की ते," भामाबाई म्हणाली. "कुठं पळालंय? अन् नववा लंगोट धरा ह्याला, कालच्या आठावर."

आकडा थांबला. तीन पूर्णांक शून्य आठ शून्य.

मी दवाखान्याचा कागद मागितला. जन्माचं वजन दोन किलो नऊशे. सलिमाच्या नोंदीत दोन किलो सातशे साठ. म्हणजे नऊ दिवसांत तीनशे वीस ग्रॅम चढलं होतं. उतरलेलं भरून काढून वर एकशे ऐंशी. नुसत्या आईच्या अंगावरच्या, सात पूर्णांक तीन एसएनएफच्या, चौदा टक्के पाण्याच्या दुधावर. मी हे मोठ्यानं सांगितलं, जरा जास्तच मोठ्यानं.

आबासाहेबांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"स्लिप काढ की डिप्लोमा," भामाबाई म्हणाली. "त्या दिशी काढली तशी. सभासद नंबर एक."

छापायचं मशीन केंद्रावरच होतं, म्हणून मी वहीच्या पानावर स्लिप लिहिली. सरस्वतीनं ती घेतली, दवाखान्याच्या कागदात घातली. मग सासऱ्यांकडं हात पुढं केला. आबासाहेबांना आधी कळलं नाही. मग त्यांनी खिशातून ती जुनी घडी केलेली स्लिप काढून दिली. सरस्वतीनं ती चुलीत घातली.

तेवढ्यात रतनबाई लगबगीनं रांजणाकडं गेल्या होत्या. भामाबाई पायरी चढली होती ना. त्या तांब्या घेऊन ओटा शिंपडायला निघाल्या होत्या. भामाबाईनं बघितलं. बाळ सरस्वतीच्या हातात दिलं, काट्याची बॅटरी उचलली आणि म्हणाली, "वैनी, टँकर परवा हाय. शिंपडायचं पानी तिला प्यायला द्या."

रतनबाई तांब्या हातात घेऊन उभ्या राहिल्या. सरस्वतीनं एका हातानं बाळ धरलं, दुसऱ्या हातानं सासूच्या हातातला तांब्या घेतला आणि उभ्यानं, सगळ्यांसमोर, न थांबता पिऊन टाकला. भामाबाई तोवर काटा माझ्या डोक्यावर चढवायला लागली होती.

डबा फुटला नाही. तो अजून आबासाहेबांच्या देवळीत आहे, गुजरातच्या अभ्यासदौऱ्याच्या फोटोशेजारी. त्याची मुदत संपून तीन वर्षं झाली. भामाबाईची गाय छावणीत राहिली. तिला बाहेर काढायचं आबासाहेबांच्या लक्षात राहिलं नाही, आणि त्यांना आठवण करून द्यायला कुणी गेलं नाही. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत त्यांनी मातेच्या दुधाचं महत्त्व या विषयावर वीस मिनिटं मार्गदर्शन केलं, आणि नंतर नेहमीप्रमाणं भामाबाईवरचा उपकार सांगितला.

सलिमाची झोळी गावात आता कुणी परत पाठवत नाही. रतनबाईच तिला घरोघर घेऊन जातात. कुणाच्या घरी बाळंतीण असली की परसात जाऊन दोरीकडं बघतात, बोटांवर लंगोट मोजतात आणि सांगतात, "सहाच्या वर गेले की समजायचं, दूध पुरतंय. मऊ पडलं म्हनून घाबरायचं न्हाई. आमच्या सासूबाईंनी शिकवलेलं हाय मला हे."

हे मी भामाबाईला रागारागानं सांगितलं. ती कॅन विसळत होती. तोवर पाऊस झाला होता, बादल्या पाच झाल्या होत्या.

"सांगू दे की," ती म्हणाली. "वैनीला सहापर्यंत मोजाया येतंय, एवढं तरी गावाला कळलं."